सुरतेचं जुनं इंग्रज-वलंदेज कब्रस्तान नीट कसं बघायचं

सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आठवतं, महाराजांची स्वारी आठवते, आणि प्रत्यक्ष सुरतेला गेलो की आपण कापड मार्केट करतो, लोचो खातो, घारी बांधून घेतो आणि परत येतो. पण त्या स्वारीच्या वेळी वखारीचे दरवाजे बंद करून आत तयारीत बसलेला जो इंग्रज प्रेसिडेंट, म्हणजे वखारीचा मुख्य, होता ना, जॉर्ज ऑक्झेंडन, तो याच गावात कतारगाम दरवाजाच्या भागात पुरलेला आहे, आणि त्याचं थडगं एवढं मोठं आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला तो कुठल्यातरी नवाबाचा मकबरा वाटतो. तिथून जवळच वलंदेजांचं म्हणजे डच लोकांचं कब्रस्तान, आणि त्याला लागूनच आर्मेनियन लोकांचं. सतराव्या शतकातले आपले शेजारी, गिऱ्हाईकं, शत्रू, सगळे एका चालत्या फेरीत भेटतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वीस मिनिटांत बाहेर आलो होतो, चार घुमटांचे फोटो काढले आणि काहीच कळलं नाही. नंतर घरी बसून वाचलं आणि परत गेलो तेव्हा चार तास कमी पडले. म्हणून हे लिहितोय, की तुम्ही पहिल्याच फेरीत नीट बघावं.

आधी घरी काय करायचं

तीन वर्षं डोक्यात पक्की करून जा, बाकी सगळं त्यांच्याभोवती आपोआप लागतं. पहिलं १६१२, त्या वर्षी सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं आणि मग त्यांना सुरतेत पाय ठेवायला मिळाला. डच १६१६ च्या सुमारास आले. दुसरं वर्ष १६६४, ते सांगायला नको. तिसरं १६६८, त्या वर्षी इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकलं, आणि मग कंपनीचं सगळं बस्तान हळूहळू सुरतेहून मुंबईला सरकलं. म्हणजे हे कब्रस्तान खरं तर मुंबईच्या आधीची मुंबई आहे, असं मी समजतो.

आणि एक घोळ आत्ताच सोडवून टाका. रायगडावर ६ जून १६७४ ला राज्याभिषेकाला जो इंग्रज वकील हजर होता, तो मुजरा करतानाचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय, तो हेन्री ऑक्झेंडन. सुरतेच्या थडग्यातला जॉर्ज ऑक्झेंडन. घराणं एकच, माणसं वेगळी. जॉर्ज १६६९ लाच वारला, म्हणजे राज्याभिषेकाच्या पाच वर्षं आधी, तो रायगडावर असणं शक्यच नाही. मी तिथे उभं राहून एका काकांना आपल्या नातवाला "हाच तो राज्याभिषेकाला आलेला" असं सांगताना ऐकलंय, त्यांना हळूच हे सांगितलं तर त्यांनी लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. आडनाव सारखं असल्यामुळे ही चूक कुणाचीही होते.

जायचं कसं आणि कधी

मुंबईहून सुरत साधारण २६० किलोमीटर, सकाळची गाडी पकडली तर दिवसात होऊन जातं. खानदेशातून येणाऱ्यांना तर जळगाव, अमळनेर, नंदुरबारवरून तापी लाईनची थेट गाडी आहे, आणि सुरतेत लिंबायत, उधना भागात आपली इतकी माणसं आहेत की बहुतेकांचा कुणीतरी नातेवाईक तिथे सापडतोच, त्यांनाही सोबत न्या, त्यांच्यातल्या पुष्कळांनी हे बघितलेलं नसतं.

रिक्षावाल्याला नुसतं "डच" म्हणू नका. सुरतेत नानपुऱ्याला नदीकाठी डच गार्डन नावाची बाग आहे, ती वेगळी जागा, तुम्हाला सरळ तिकडे नेऊन सोडतील. "कतारगाम दरवाजा, जूनुं कब्रस्तान" असं म्हणा आणि तिथे उतरून विचारा. इंग्रजांचं आवार आणि डच-आर्मेनियन आवार वेगवेगळं आहे, पण चालत जाण्याएवढंच अंतर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, शेवाळामुळे पायऱ्या निसरड्या होतात आणि विंचू-सापाची भीती खरी आहे, बंद बूट घालूनच जा. आणि वेळ सकाळची ठेवा, ऊन चुकवायचं म्हणून तर आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे तिरपा उजेड, त्याचं पुढे सांगतो.

आधी इमारत वाचा, मग अक्षरं

गेटातून आत गेलात की लगेच शिलालेखांकडे धावू नका. आधी लांब उभं राहून सगळं आवार बघा. कुणाला घुमट आहे, कुणाला नुसता चौथरा, कुणाला जमिनीलगत एक शिळा, यातच त्या काळच्या वखारीचा हुद्द्यांचा तक्ता दिसतो. वर प्रेसिडेंट किंवा डायरेक्टर, मग व्यापारी, मग कारकून, आणि खलाशी-शिपाई बहुतेक नावाशिवायच मातीत गेलेले.

मग लक्षात येतं की या ख्रिश्चन कबरी आहेत पण बांधणी आपल्याकडच्या मकबऱ्यांची आहे. विटा, चुन्याचा गिलावा, टोकदार कमानी, घुमट, गुजरातच्या गवंड्यांना जे येत होतं तेच त्यांनी बांधलं, आणि साहेबांनाही तेच हवं होतं. कारण त्या वेळी इंग्रज म्हणजे हिंदुस्थानचे राजे नव्हते हो, ते मोगलांच्या बंदरातले परवानगी काढून राहिलेले व्यापारी होते, आणि गावातल्या अमीर-उमरावांच्या नजरेत आपली पत दिसावी म्हणून ते मेल्यावरसुद्धा अमीरासारखे दिसायला बघत होते. मला या जागेतली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढच्या दोनशे वर्षांत काय झालं ते विसरून या घुमटांकडे बघायला जमलं पाहिजे.

ऑक्झेंडनचं थडगं म्हणजे खरं तर दोन भावांचं. धाकटा ख्रिस्तोफर आधी वारला, १८ एप्रिल १६५९ ला. त्याच्यासाठी घुमट बांधला. मग दहा वर्षांनी १४ जुलै १६६९ ला थोरला जॉर्ज गेला, आणि त्याच्यासाठी धाकट्याच्या घुमटाला पोटात घेऊन त्यावर दुसरं मोठं बांधकाम उभं केलं. जाड जाड खांब, एकावर एक दोन घुमट, वर जायला जिने, उंची सुमारे ४० फूट आणि व्यास २५ फुटांच्या आसपास. खाली उभं राहून वर बघा म्हणजे एका भावाने दुसऱ्याला कसं कवेत घेतलंय ते दिसतं. मी मुद्दाम तिथे थोडा वेळ काहीही न करता बसतो.

ख्रिस्तोफरचा लॅटिन मृत्युलेख तर मला कितीही वेळा वाचला तरी गलबलून येतं, कारण तो पूर्ण वखारीच्या हिशेबाच्या भाषेत आहे. भावार्थ असा, की याला आपल्या खात्यात फक्त दिवस मांडता आले, वर्षं नाही, कारण मरणाने अचानक हिशेबाला बोलावलं. मालक हो, नफा किती आणि तोटा किती विचारता? तुमचा एक नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला, पण वहीच्या दुसऱ्या बाजूला तो लिहू शकतो की मरण हाच माझा नफा. जमा-खर्चात आयुष्य काढलेल्या माणसाला त्याच्या सोबत्यांनी याहून चांगला निरोप काय दिला असता. घरून निघतानाच याचा अर्थ कागदावर लिहून न्या आणि तिथे मोठ्याने वाचा.

जॉर्जबद्दल एवढं लक्षात ठेवा. १६६२ ला तो प्रेसिडेंट म्हणून सुरतेला आला. १६६४ च्या जानेवारीत मोगलांचा सुरतेतला अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन लपला आणि गाव वाऱ्यावर सोडलं, तेव्हा इंग्रज आणि डच आपापल्या वखारी धरून बसले आणि त्या वाचल्या. यावर खूश होऊन औरंगजेबाने जकातीत सूट दिली, आणि कंपनीने ऑक्झेंडनला सोन्याचं पदक दिलं. १६६८ ला मुंबई कंपनीकडे आली तेव्हा कंपनीच्या वतीने पहिला गव्हर्नर हाच, म्हणजे मुंबईकरांनो, तुमच्या शहराचा कंपनीकडून आलेला पहिला कारभारी इथे आहे. आणि त्याच्या मागून आलेला जेराल्ड ऑंजिअर, ज्याने मुंबईला शहर म्हणून उभं करायला घेतलं, टांकसाळ काढली, कोर्ट बसवलं, तोही ३० जून १६७७ ला सुरतेतच वारला.

याच आवारात फ्रान्सिस ब्रेटन आहे, हाही प्रेसिडेंट, १६४९ चा. ऑक्झेंडनपुढे लोक त्याच्याकडे बघत नाहीत पण जुनेपणात तो वरचढ आहे.

तारखा वाचताना फसू नका

हे जरा किचकट आहे पण एकदा समजलं की आयुष्यभर कामाला येतं. त्या काळी इंग्रजांचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नव्हतं, २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि हे १७५२ पर्यंत चाललं. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या दिवसांतल्या इंग्रज तारखेला वर्ष एकने कमी दिसतं. आपल्या सुरत स्वारीचंच बघा ना, आपण जानेवारी १६६४ म्हणतो पण इंग्रजांच्या तेव्हाच्या कागदांत ते जानेवारी १६६३ असतं. कुठल्या थडग्यावर १० फेब्रुवारी १६८८ दिसलं तर आपल्या हिशेबाने ते १६८९ धरायचं.

दुसरी गोष्ट, इंग्रज जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळत होते आणि डच नवं ग्रेगोरियन. सतराव्या शतकात दोघांत १० दिवसांचा फरक. शेजारी शेजारी वखारी, पण एकाच दिवशी एकीकडे ५ तारीख आणि दुसरीकडे १५. म्हणून जॉर्जची १४ जुलै १६६९ डच शेजाऱ्याच्या वहीत २४ जुलै झाली असती. दोन आवारांतल्या तारखा जुळवताना हे १० दिवस धरायला विसरलात तर कोण आधी गेलं कोण नंतर, सगळं उलटंपालटं होतं.

आर्मेनियन लोकांचं तिसरंच. त्यांचा स्वतःचा शक, आणि आकडे अक्षरांत लिहिलेले. त्यांच्या सनात ५५१ मिळवले की इसवी सन येतं. सुरतेच्या आर्मेनियन कब्रस्तानातल्या सगळ्यात जुन्या नोंदलेल्या लेखांपैकी एक मरिनास नावाच्या बाईचा, ती वोस्कान नावाच्या धर्मगुरूची बायको, सन १०२८. १०२८ आणि ५५१, झाले १५७९. म्हणजे इंग्रज सुरतेत येण्याच्या तीसेक वर्षं आधी इराण-आर्मेनियाकडचं एक कुटुंब इथे घर करून राहत होतं. त्या लेखात ती नवऱ्याच्या डोक्यावरचा मुकुट होती असं बायबलच्या वचनावरून म्हटलंय, आणि वय ५३. या आवाराकडे फिरकणारे फारच कमी, तुम्ही मात्र जा. दगडांवरची ती सरळ उभी आर्मेनियन अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालेल, बोट न लावता बघत राहा.

अक्षरं कशी वाचायची

झिजलेला लेख समोरून बघितला तर सपाट दिसतो. उजेड बाजूने पडला की खोदलेल्या रेघेत सावली बसते आणि अक्षर उठून येतं, म्हणूनच सकाळी लवकर किंवा चारनंतर जायचं. आतल्या अंधाऱ्या भागात साधा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, एकाने टॉर्च फिरवायचा आणि दुसऱ्याने वाचायचं, मग जागा बदला. फोटो आधी पूर्ण थडग्याचा, मग लेखाचा, मग एकेका ओळीचा, नाहीतर घरी आल्यावर कुठली ओळ कुठल्या दगडाची तेच कळत नाही.

खडू, पीठ, राख, पाणी, तेल, चुना, काही म्हणजे काही लावू नका. यूट्यूबवर परदेशातले लोक फेस लावून दगड चकाचक करताना दाखवतात, ते इथे अजिबात करायचं नाही, खडूची पूड दगडाच्या छिद्रांत शिरते आणि निघत नाही, आणि ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, इथे ओरखडा काढणंसुद्धा कायद्याने गुन्हा आहे.

शब्द थोडेच लागतात. लॅटिनमध्ये "हिक याकेत" म्हणजे इथे निजलाय, "ओबीइत" म्हणजे वारला, "एतातिस" आलं की पुढे वय. डचमध्ये "हिअर लेइट बेग्राव्हन" म्हणजे इथे पुरलंय, "ओव्हरलेडन" म्हणजे निधन, "ऑउट" म्हणजे वय, आणि "हुइसव्राउ" दिसलं की ती कुणाची तरी बायको. एवढ्या सातआठ शब्दांवर नाव, तारीख, वय, नातं हे चारही हाताला लागतं. बऱ्याच ठिकाणी लेखाची शिळाच नाही, भिंतीत रिकामा चौकोन दिसतो, तोही वहीत टिपा, "शिळा नाही, चौकोन आहे" असं.

वलंदेजांकडे

डच आवारात एकच थडगं बाकी सगळ्यांवर भारी पडतं, हेन्ड्रिक आद्रियान फान रेडे याचं. अनेक कोनांचं दुमजली बांधकाम, वर-खाली खांबांची रांग, डोक्यावर मोठा घुमट. आत एके काळी भिंतींवर चित्रं होती, घराण्याची चिन्हं होती, खिडक्यांना लाकडी कोरीवकाम होतं. इंग्रजांच्या ऑक्झेंडनला मागे टाकायचं म्हणून हे एवढं मोठं बांधलं असं पूर्वीपासून सांगतात, आणि दोन्ही बघितल्यावर ते पटतंच.

पण इथे मी तुम्हाला थांबायला सांगेन ते घुमटासाठी नाही. हा फान रेडे १६७० ते १६७७ मलबारचा कमांडर होता, कोचीनला. तिथे त्याने केरळच्या झाडापाल्याचा प्रचंड अभ्यास करून घेतला, त्यातून 'होर्तुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये ऍमस्टरडॅमला छापला गेला, सातशेच्या वर वनस्पती, मोठमोठी चित्रं. आणि हे काम त्याला कुणी करून दिलं? इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य, आणि तीन कोंकणी पंडित, रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट. या तिघांनी आपण काय काम केलं याचं निवेदन कोंकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिलंय, १६७५ चं, आणि ते पहिल्या खंडात तसंच्या तसं छापलंय. चित्रांवरसुद्धा झाडांची नावं रोमन, मल्याळी आणि अरबी लिपीबरोबर नागरीत आहेत. या ग्रंथाची स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर मिळतात, ती फोनमध्ये उतरवून न्या आणि त्या थडग्याच्या पायरीवर बसून उघडा. सुरतेत पुरलेल्या एका डच माणसाच्या लॅटिन ग्रंथात आपली ओळखीची अक्षरं बघताना काय वाटतं ते मला शब्दात सांगता येत नाही. गोव्याच्या आणि कारवारच्या मित्रांना तर मी हे आवर्जून दाखवतो.

फान रेडे सुरतेत राहिलेला नव्हता. डच कंपनीतला भ्रष्टाचार खणून काढायला त्याला मोठा अधिकारी म्हणून पाठवलं होतं, एकेक वखार तपासत तो कोचीनहून सुरतेला निघाला आणि १५ डिसेंबर १६९१ ला मुंबईजवळ जहाजावरच वारला. सुरतेला आणून जानेवारी १६९२ मध्ये पुरला. म्हणजे ज्यांची तो तपासणी करायला येत होता त्यांच्याच वखारीत त्याचं प्रेत आलं, हे मला तिथे उभं असताना नेहमी आठवतं.

जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री याच काळात सुरतेत होता, त्याने एका डच कबरीबद्दल लिहिलंय की ती एका दारूप्रेमी डच कमांडरची, आणि मित्रांना मागे मजा करता यावी म्हणून तिच्यावर तीन मोठे पंच-बोल, म्हणजे दारूचं मिश्रण वाढायचे कटोरे, बसवलेत. त्याच ओव्हिंग्टनने मुंबईबद्दलची म्हण नोंदवली, "दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य". ही म्हण डोक्यात ठेवून छोट्या थडग्यांपाशी जा, वयं वाचा. वीस, पंचवीस, आणि लेकरांची तर महिन्यांत.

वही

एक साधी वही घ्या, प्रत्येक थडग्याला एक पान. वर नाव आणि तारीख जशी लिहिली तशीच, आपल्या डोक्याने दुरुस्त न करता, मग खाली कंसात बदललेली तारीख, मग इमारतीचा प्रकार, शिळा शाबूत की फुटकी, कोणत्या दिशेला तोंड. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाजाने भरू नका. दोनतीन वर्षांनी परत गेलात की कुठलं अक्षर झिजलं ते कळतं, माझ्या वहीत एका डच शिळेच्या ओळीत पहिल्या वेळी अकरा अक्षरं आहेत आणि गेल्या वर्षी मला नऊच लागली.

वेळ उरला तर मुगलसराई बघून या, १६४४ ची, आता तिथे महानगरपालिकेचं ऑफिस आहे, व्यापारी-यात्रेकरू उतरायचे ती जागा. तापीच्या मुखाकडे व्हॉक्स नावाच्या इंग्रजाचं थडगं आहे, १६९७ ला नदीत बुडाला, पुढे जहाजांना ती खुणेची इमारत झाली, पण तिकडे जायला वेगळा दिवस ठेवा. परतीच्या आधी हिवाळा असेल तर पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, खा, गरम गरम, शेव घालून, आणि गाडीत बसल्यावर झोपायच्या आधी वहीतली पानं एकदा चाळून तारखांचे ते १० दिवस तपासून घ्या, घरी गेल्यावर होत नाही.